मुलाच्या आवाजात

टेलिफोन कंपनीच्या बैठकीत साहेबांनी टेबलावर थाप मारली. “नोकरीत राहून मालकासारखं डोकं चालवणारा हा एकटाच पठ्ठ्या!” पठ्ठ्याने आपली योजना सांगून स्पीकर लावला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना यंत्र रोज फोन करणार, तोही मुलाच्या आवाजात. चाचणीसाठी त्याने गेला महिनाभर स्वतःचा आवाज आणि आईचाच नंबर वापरला होता, तिला न सांगता. “आई, जेवलीस का?” यंत्राने हळुवार विचारलं, तशी आई गुडघेदुखीपासून गळक्या नळापर्यंत सगळं सांगत सुटली. “मुलानेच कधी खरा फोन केला तर?” साहेबांनी विचारलं. “करत नाहीत, साहेब. म्हणून तर धंदा आहे.” सगळे खदखदून हसले. बढती पक्की झाली. जिन्यातूनच त्याने कित्येक महिन्यांनी आईला स्वतः फोन लावला. “आई, ऐक, मी साहेब झालो!” “कोण बोलतंय?” आई चपापली. “माझा मुलगा आधी ‘जेवलीस का’ विचारतो.”