एका मशीनचा गट

"हा पाचवा गट कसला? एकच कॉम्प्युटर दिसतोय त्यात," साहेबांनी तिच्या खुर्चीमागे उभं राहून विचारलं.

सकाळपासून ती स्क्रिप्ट चालवत होती. कंपनीचे अकराशे कॉम्प्युटर गटागटांत वाटलेले. एक ओळ टाइप केली की अख्खा गट नव्या सॉफ्टवेअरवर जायचा. तीन गट उरकले होते, चौथा मुंगीच्या पावलानं सरकत होता. तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं.

"गोदामातलं मशीन आहे. अपडेट केलं की तिथला जुना प्रोग्राम बंद पडतो."

"त्याच्या जागी नवा आहे ना? मग आज तेही घ्या. आता कुणालाच सूट नाही."

साहेब गेले. गोदामात तिचे वडील कामाला होते. जुना प्रोग्राम त्यांना तोंडपाठ होता. नव्याचं प्रशिक्षण दोनदा घेऊन आले आणि दोन्ही वेळा न जेवता झोपले. निवृत्तीला चार महिने होते. तीन वर्षं ती त्यांचं मशीन बाजूला ठेवत आली होती. घरी त्यावर कधी चकार शब्द निघाला नव्हता.

तिनं फोन लावला.

"आप्पा, आज तुमचंही घ्यावं लागतंय."



"बरं," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं गं. अपडेटला सगळ्यांची मशीनं बंद व्हायची, माझंच तेवढं चालू राहायचं."

तिनं पाचवा गट पडद्यावर उघडला.

"दोन मिनिटं दे. एक नोंद उरलीय."

एका बोटानं दाबलेली बटणं ती ऐकत राहिली. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा टक.

"हं. चालव आता."

तिनं ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. फोन दोघांनीही ठेवला नाही.

"बंद झालं का, आप्पा?"

"झालं. पडदा काळा पडलाय. काचेतून एक म्हातारा बघतोय माझ्याकडे."



"सुरू व्हायला वेळ लागेल. मग पासवर्ड विचारेल. घाई करू नका."

"घाई कसली. तुझं आवरलं की ये खाली," आप्पा म्हणाले. "तोवर आम्ही दोघं बसतो."