जिवंत आकडे

चांगुणाच्या थोरल्या नातीचं बारसं झालं त्या साली तिच्या भाच्यानं, महिपतीनं, नदीच्या पाण्याचे आकडे इंटरनेटवर सतत आणि फुकट मिळणारी जागा शोधून काढली. दर दहा मिनिटांनी नवी ओळ उमटायची: वेळ आणि पाण्याची उंची.

"आत्या, आता खांबावरची पट्टी बघायला नदीवर जायला नको. हे लाइव्ह आहे, जिवंत."

चांगुणा उतारवयात आकडे शिकलेली. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायची. "सकाळधरनं वेळ पुढं सरकतीय आणि पाणी तेवढंच? पावसाळ्यात नदी अशी थांबती होय रे?"

"कालपरवा आकडे शिकलीस आणि यंत्राच्या चुका काढतीस," महिपती हसला. त्यानं वडिलांना फोन लावला. "दादा, फरशीच्या पुलावरनं म्हशी आणा. पाणी खालीच आहे."

मोजणारं यंत्र पहाटेच बंद पडलं होतं. वेबसाइट शेवटचाच आकडा नव्या वेळेपुढं लिहीत होती. हे मागनं कळलं, तेव्हाही ओळी येतच होत्या. चांगुणाला शिसारी आली. नासलेलं दूध नव्या भांड्यात ओतून ताजं म्हणून वाटावं, तसलं ते काम.

तिचा भाऊ हरिबा, महिपतीचा बाप, त्याच दिवशी, नागपंचमीला, भर दुपारी म्हशी आणताना त्या पुलावरनं वाहून गेला आणि मेला.