मधुचंद्राचं वायरिंग

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये सायलीबरोबर मधुचंद्राला आलेल्या जयेंद्रने दार उघडलं, तर समोर सासरे. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात टेस्टर. "जावईबापू, आधी मेन बंद करा," म्हणत ते आत शिरले.

वीज खात्यातून निवृत्त झाले तरी त्यांची सवय सुटली नव्हती. जयेंद्र मनातून धुमसत होता. पण सासऱ्यांनी पलंगाची फळी उचलली आणि तोही वाकून बघू लागला. एसी, गीझर आणि विजेची शेगडी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होती. प्लग वितळून बोर्डाला चिकटला होता, वरच्या गादीला काळा डाग पडला होता.

दुपारपर्यंत सासऱ्यांनी प्रत्येकासाठी वेगळी वायर ओढली. "आता बिनघोर राहा," म्हणून ते एसटीत जाऊन बसले. सायलीने सुटकेचा निःश्वास टाकला.

जयेंद्रने एसी लावला, जळका वास येतोय का म्हणून हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि अनवाणी धावत जाऊन सुटलेली एसटी थांबवली. "बाबा, निदान उद्यापर्यंत राहा ना."

सासरे खुशीत उतरले. मागून बॅग घेऊन आलेली सायली त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

"मी आईकडे जाते," ती खिडकीतून म्हणाली. "तुमचं दोघांचं छान जमलंय."