बोटांची पारख

ब्रुनर साहेबांनी गाठीतून चिमूटभर कापूस ओढला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणला आणि आनंदरावाकडं पाहिलं.

"सांग गा, आनंदराव."

आनंदरावानंही चिमूट घेतली, ताणली. बोटांना काही म्हणजे काही कळलं नाही. सहा वर्षं कळत नव्हतं. दवाखान्यात तो गेलाच नाही. रोगाचं नाव निघालं असतं तर नोकरी गेली असती, पोरीचं लग्न मोडलं असतं. पुढं पुढं तर वाईट वाटणंही थांबलं.

त्यानं साहेबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. भुवई किंचित वर गेली होती.

"लांब धागा हाय, साहेब. एक नंबर."

"बरोबर." साहेबांनी वहीत लिहिलं.

रोजचं हे असंच चाले. स्वित्झर्लंडहून आलेला हा कापसाचा व्यापारी बावीस वर्षं नागपुरात राहिला, इथल्यासारखं बोलायला शिकला आणि दुपारी गोदामात बसून आपल्या भाषेत कविता लिहू लागला. लिहिताना चिरूट बोटांपर्यंत जळत येई, कातडी भाजे, तरी त्यांना पत्ता नसे. कवी माणूस, असं आनंदराव सगळ्यांना कौतुकानं सांगे.

तिकडच्या गिरण्यांची मालाबद्दल कधी तक्रार आली नाही. आनंदरावाच्या बोटांचं नाव पार मुंबईपर्यंत गेलं. याला हसावं की रडावं, तेही त्याला सुचत नव्हतं.

आजची ही शेवटची गाठ. साहेब उद्या कायमचे मायदेशी चालले होते. परवा नवा साहेब येणार, नवा चेहरा, आणि पहिल्याच चिमटीला पितळ उघडं पडणार.

"साहेब, मले पारखीवरून काढा," आनंदराव म्हणाला. "गोदामाची राखण द्या."

"काहून?"

"माह्या बोटाले..."

"थांब. आधी मले बोलू दे. लई दिवसांनी हिंमत करून राहिलो." साहेबांनी खिशातून कागद काढला. "तुह्यावर कविता केली. तिकडं छापली. तुले मराठीत सांगतो."

आनंदराव गाठीला टेकून उभा राहिला. साहेबांनी चष्मा लावला आणि भाव विचारावा तशा आवाजात वाचलं:

"माहे बोटं मेले, त्याले सात वर्षं झाले. तवापासून मी कापूस पाहत नाही, आनंदरावाचा चेहरा पाहून राहिलो."