अक्काची गुलाबी स्कूटी

बायको शिवम्मा वारली आणि तिची गुलाबी स्कूटी चन्नवीर चालवायला लागला. पुतण्याच्या लग्नालाही तो त्याच स्कूटीवरून, डोक्यात तिचं गुलाबी हेल्मेट घालून आला. कार्यालयाच्या दारातच मेहुणा राजशेखर कपाळाला हात लावून उभा होता.

"दाजी, अख्खं सोलापूर हसतंय की! ह्यो काय पुरुषाचा रंग हाय? उद्याच पेंटरला बोलावतो. गाडी काळीभोर करून टाकू."

चन्नवीरने स्कूटीकडे वळून पाहिलं. रंग गेला तर ती शिवम्माची गाडी कशी राहणार? पण लग्नघरात रडायचं कसं, म्हणून तो हेल्मेट काढून मांडवात शिरला.

तेवढ्यात फेटेवाल्याने राजशेखरला खुर्चीत बसवलं. राजशेखरने मान ताठ ठेवून फेटा बांधून घेतला, आरशात पाहिलं आणि मिशीला पीळ दिला.

"आता कसं मर्दानी दिसतंय!"

फेटा गुलाबी होता. मांडवातल्या सगळ्या पुरुषांचे फेटे गुलाबीच होते.

"पेंटरला सांग," चन्नवीर म्हणाला, "आधी हितले फेटे काळे कर, मग गाडीकडं ये."

राजशेखर ओशाळला. "पण दाजी, अक्कानं तरी ह्यो बायकी रंग कशाला घेतला?"

"बायकी कुटला? आमच्या लग्नात माझा फेटा ह्याच रंगाचा होता. दुकानदारानं निळी गाडी दाखवली, तर तुझी अक्का म्हणाली, ही लई बायकी दिसती. आमच्या मालकांच्या फेट्याच्या रंगाची द्या."