नानांच्या नळ्या

राजूरच्या शेडमध्ये माझ्या वडिलांनी, नानांनी, महाशीर माशाचं वीर्य गोठवून ठेवलं होतं. बर्फाच्या कण्यांनी ते फाटू नये म्हणून त्यात औषध घालून बारीक नळ्यांत भरलेलं, नायट्रोजनच्या भांड्यात, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. थंडी कमी झाली की ते मरतं. ज्या नराचं ते होतं तो मागच्या उन्हाळ्यात मेला. तसा दुसरा मिळाला नाही.

मग नाना गेले. सुतकाचं घर म्हणून नायट्रोजनवाला भांडं भरायला फिरकला नाही, आणि मला भांडं आठवलं ते थेट बाराव्या दिवशी. धावत शेडमध्ये गेले. झाकण उचललं.

वाफ आली नाही. आत नळ्याही नव्हत्या.

"घाबरू नको गं," आई मागून म्हणाली. "पाचव्या दिवशी बघितलं तर वाफ थांबली हुती. सुतकात बोलवायचं कुणाला? मंग मीच नळ्या फ्रीजात बर्फाखाली ठिवल्या. दुधासाठीबी कुणाला दार उघडू दिलं न्हाई."

फ्रीजरची थंडी उणे अठरा.

"जगंल ना गं त्यांचं बीज?"



"हो," मी म्हणाले. "नानांनासुद्धा इतकं जपता आलं नसतं."