भरपूर पाणी प्या!

आरोग्य विम्याच्या मॅडम आमच्या कपडे शिवायच्या कारखान्यात आल्या. "इथून मूतखड्याचे क्लेम फार येतात. बायांनो, पाणी प्यायला कसला आळस?" म्हणत त्यांनी प्रत्येकीला पाण्याने भरलेली नवीकोरी बाटली दिली.

"मीही सांगून दमलो, पण ऐकतील तर शपथ!" सुपरवायझर दात काढत म्हणाला.

काज-बटण करणाऱ्या मावशींचं टाळकंच सटकलं. त्यांनी बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. मग आम्हीही सगळ्यांनी घटाघटा बाटल्या संपवल्या आणि मॅडमच्या देखत सुपरवायझरसमोर रांग लावली.

मावशींनी हात पुढे केला.



"साहेब, आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणी थांबणार नाही. संडासाची चावी काढा."